तिसऱ्या दारात गळून पडणारं ‘म्हणे’

मेथीची जुडी सकाळी बांधली तर संध्याकाळी मान टाकते. सांबाराचं, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीचं, तोंड तर दुपारीच उतरतं. पण या जुड्या बांधता बांधता ज्या बातम्या बांधल्या जातात, त्या काही केल्या सुकत नाहीत. पाणी न मारता वाढतात. देऊळघाटला येऊन मला हे दुसरंच वर्ष, तरी गिरजामायच्या अंगणातले किस्से एवढे साठलेत की कुठला आधी सांगावा कळत नाही. आज ते हसत सांगता येतात. घडत होते तेव्हा मात्र मी हसत नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

गिरजामाय आमची शेजारीण. नदीकाठी त्यांचा मळा आहे. तिथली भाजी उपटून अंगणात आणतात आणि बाजाराच्या दिवशी ती बुलढाण्याला जाते. मधल्या वेळात जुड्या बांधायला बाया बसतात: स्वतः गिरजामाय, तिची सून कौतिका, समोरच्या घरातली अंजना, आणि मी. मला जुडी नीट बांधता येत नाही, माझी सुटते. पण आमचे हे इथल्या शाळेत मास्तर, मी मॅट्रिक, आणि गल्लीतला एकुलता एक रेडिओ आमच्या घरात, म्हणून मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत मानानं गोणपाटावर बसवतात. माझ्या मांडीवर आमची बेबी. कौतिकाच्या मांडीवर तिचा गणू. दोघं एकाच हंगामातली, हे सगळं घडलं तेव्हा रांगायच्या बेतात.

गेल्या हिवाळ्यात अंगणातल्या सगळ्या बातम्या एका गोष्टीभोवती फिरायला लागल्या. देवी.

माझ्या आईच्या गालांवर देवीचे व्रण आहेत. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्या खळग्यांत बोट घालायची. तेव्हा त्यात भ्यायचं काही असतं हे माहीत नव्हतं. बेबी झाल्यावर मात्र आईचा चेहरा आठवला की माझा हात आपोआप बेबीच्या गालावर जायचा. गावात देवी टोचायला माणूस येणार होता. नाही टोचलं तर देवीची भीती, टोचलं तर टोचण्याची. या दोन भीतींमधली एक निवडायची होती, आणि निवडायला माझ्याजवळ काय होतं? अंगणातली माहिती.

*

या माहितीबद्दल माझं एक निरीक्षण आहे. बातमी पहिल्या दारातून निघते तेव्हा तिच्या शेपटाला ‘म्हणे’ असतं. अमक्याकडे असं झालं म्हणे. दुसऱ्या दारात ते ‘म्हणे’ हळू आवाजात येतं. तिसऱ्या दारात गळून पडतं. आणि चौथ्या दारात त्याच्या जागी ‘मी सवता पाह्यलं’ येऊन चिकटतं.

एकदा बेबीचं पोट बिघडलं. दात येताना बिघडतं तसं. सकाळी जुड्या बांधताना मी तेवढंच म्हणाले. संध्याकाळी विहिरीवर गेले तर पलीकडच्या आळीतली एक बाई पाणी शेंदत होती. तिनं मला आधी पाहिलेलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमी नवीन दिसता. त्या मास्तराच्या गल्लीनं जाऊ नका, माय.”

“का हो?”

“पटकी हाये तिथं. मास्तरणीची पोट्टी आता हाये का नाई, कोन जाने.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगाले कशाले पाह्यजे? मी पाह्यलं ना. मास्तरीण दारात बसून रडून राह्यली होती.”

ती मास्तरीण मीच, असं मी म्हणणार होते. पण तोपर्यंत मी पळत सुटले होते. घागर तिथेच. घरी आले तर बेबी पाळण्यात पायाचा अंगठा चोखत पडलेली. तिचं पोट, कपाळ, टाळू, सगळं चाचपून पाहिलं.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“बेबीला पटकी झाली म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“विहिरीवरची बाई.”

हे म्हणाले, “आणि दिवसभर बेबीजवळ कोण होतं?”

“मी.”

*

नदीवर पूल बांधायचं ठरलं तेव्हा अंजना पाणावल्या डोळ्यांनी अंगणात आली. पुलाच्या पायात लेकरू पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही, आणि त्यासाठी जीपमधून माणसं लेकरं धरायला निघालीत, अशी बातमी तिनं आणली होती.

“कोणी सांगितलं?” आता हा प्रश्न मला पाठ झाला होता.

“रेडिओत सांगतलं.”

“कोणत्या रेडिओत?”

“तुमच्याच. गावात दुसरा कोनता हाये?”

“अगं, आमच्या रेडिओची बॅटरी दिवाळीपासून उतरलीय. चालतच नाही तो.”

अंजनानं हातातली जुडी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. “तेच तं मी म्हनतो. बराबर आत्ताच कशी उतरली? लोकाईले कळू नये म्हून.”

यावर गिरजामाय म्हणाली, “पयले खबर नागपूरहून यायची. आता राज्य बदललं, मुंबईहून येते. रस्ता लांबला, तं खोटंबी लांबलं.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. नंतर घरी आल्यावर ह्यांना सांगितलं की बुलढाण्याहून बॅटरी आणाच. आणली. मी कान लावून बसले. भजन झालं, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम झाला, कांद्याच्या रोपांवरची कीड झाली. पुलाचं अवाक्षर नाही. तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला आणि मी बेबीला उचलून धान्याच्या कणगीमागे जाऊन बसले.

जीप निघून गेली. रेडिओवर कुणीतरी शांतपणे सांगत होतं की कीड दिसताच घाबरून जाऊ नये.

*

आता तुम्ही म्हणाल, अडाणी बायकांचं सोडा, तुम्ही शिकलेल्या. तर शिकलेल्या बाईचाही किस्सा ऐका.

आमच्या ह्यांचं म्हणणं, तोंडी गोष्टीवर विश्वास ठेवू नये, छापलेलं बघावं. मला ते पटलं. एक दिवस दुकानातून गूळ आणला. तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेला होता. मला छापलेलं काहीही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. वाचलं: ‘देवीच्या साथीचा जोर. अनेक बालके दगावली.’ गावाचं नाव गुळानं चिकटून गेलेलं. शेवटची अक्षरं तेवढी शाबूत होती. ‘खेड’.

खेड म्हणजे कुठलं खेड? माझ्या डोळ्यांपुढे एकच आलं: रोहिणखेड. कौतिकाचं माहेर. तिथून माणसांचं येणं-जाणं आहे.

मी दार लावून घेतलं. अंगणात गेले नाही. कौतिका गणूला घेऊन आली तर खिडकीतूनच म्हणाले, बेबी झोपलीय. ती बिचारी उभी राहून गेली. बेबीला झबल्यावर झबलं, त्यावर टोपडं. घामानं पुरळ उठलं तर त्या पुरळानंच माझा जीव अर्धा झाला.

शेवटी ह्यांनी तो कागद मागितला. पुढची बाजू वाचली, मग उलटा करून मागची वाचली, आणि माझ्यापुढे धरला. मागे सरकारी जाहिरात होती. मध्यप्रदेश सरकारची.

“आपला जिल्हा मध्यप्रदेशातून इकडे आला तेव्हा तू कुठल्या इयत्तेत होतीस?”

मी परकर-पोलक्यात होते.

हा किस्सा मी अंगणात स्वतःच सांगितला, म्हटलं आपल्यावर हसून घ्यावं. अंजना पोट धरून हसली. गिरजामाय हसली नाही. तिनं जुडीला गाठ मारली आणि म्हणाली, “कागद जुना असला म्हून का बिमारी जुनी होते?”

बेबीला मी आणखी काही दिवस घराबाहेर काढलं नाही. कागद जुना आहे हे डोक्याला पटलं होतं. दाराच्या कडीला पटलं नव्हतं.

*

मग ह्यांनी शाळेतलं आरोग्याचं पुस्तक आणून दिलं. त्यात देवी टोचून घेण्याचा धडा होता, चित्रासकट. मी तो अंगणात मोठ्यानं वाचून दाखवला. टोचल्यानं अपाय होत नाही, थोडा ताप येतो, दंडावर फोड येतो, खपली धरते, झालं.

अंजनानं शांतपणे ऐकून घेतलं. “पुस्तकात लिवलं हाये?”

“हो. छापलेलं आहे.”

“त्याच पुस्तकात ‘नेहमी खरे बोलावे’ हेबी असन ना?”

होतं. शेवटच्या पानावर.

“मंग?” अंजना म्हणाली. “कोन बोलते?”

*

आमच्याकडे कुणाच्या घरी देवी आली की तिचं नाव तोंडानं घेत नाहीत. ‘माता आली’ म्हणतात, नाहीतर ‘बाई आल्या’. बाई आल्या की घरात फोडणी बंद, कारण तेल कडकडलेलं तिला सोसत नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा. आणि बाहेरच्या माणसानं त्या घरी जायचं नाही.

कौतिका भाच्याच्या जावळाला माहेरी जाणार होती. लुगडं काढून ठेवलं होतं, गणूला नवं टोपडं शिवलं होतं. आणि बुलढाण्याच्या बाजारात कुणीतरी तिच्या नवऱ्याला गाठून रोहिणखेडचा निरोप दिला: “तुमच्या मेव्हण्यानं सांगतलं, घरी बाई आल्या. येऊ नका.”

कौतिका मटकन खाली बसली. भाऊ, भावजय, आणि ते जावळाचं लेकरू. रडायलाही तिला धड येत नव्हतं, नुसती गणूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला तो गुळाचा कागद आठवला. खेड. म्हणजे कागद जुना असला तरी बातमी खरी होती. मी मनात ह्यांच्याशी भांडून घेतलं.

गिरजामायनं आपल्याही घरची फोडणी बंद केली. “तिकडं बाई बसल्या, अन् इकडं मी तेल कडकडवू काय?” घरातले पुरुष मुकाट्यानं पाणचट वरण गिळत राहिले. कौतिकाच्या जुड्या माझ्यासारख्या सुटायला लागल्या.

असे बरेच दिवस गेले आणि एका दुपारी कौतिकाचा भाऊ स्वतःच अंगणात येऊन उभा राहिला. धडधाकट. डोक्याला मुंडासं, हातात बोरांची पिशवी.

कौतिका उठलीच नाही. बसल्या जागेवरून विचारलं, “लेकरू कसं हाये?”

“मस्त हाये. काऊन?”

“अन् बाई?”

“बाई बी मस्त हाये.”

गिरजामायचा हात थांबला. “कोन बाई?”

“शाळेतल्या. नव्या आल्या ना बदलून. राहाले जागा नाई, म्हून आमच्या ओसरीतली खोली देल्ली. आता पाव्हणे कुठं निजवू? म्हून म्हटलं, जावळ पुढं ढकलू, कौतिकाले सांगा येऊ नको.”

मग गिरजामाय म्हणाली, “मंग मास्तरीण म्हनाव ना बे.”

“त्याईले समदे बाईच म्हनते, मामी.”

“अन् कवा जातीन ह्या बाई?”

“बदली होईन तवा.”

“म्हंजे मातेपरीस लांबलं,” गिरजामाय म्हणाली, आणि एकदम माझ्याकडे वळून, “तुमाले नाई म्हटलं हो, मास्तरीणबाई.”

त्या दुपारी गल्लीभर मोहरीच्या फोडणीचा वास सुटला. भाऊ पोटभर जेवून गेला. तो किस्सा आम्ही पुढे कितीदा सांगितला. कौतिका मात्र एकदाही हसली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “खबर खोटी होती, मास्तरीणबाई. मी रडलो ते तं खरंच होतं ना.”

*

देवी टोचणारा माणूस येण्याची वेळ जवळ आली तसं अंगणात नवं सुरू झालं. टोचलं की हात लुळा पडतो. एका पोरीचा तर हात कापावा लागला. कौतिकानं हे ऐकलं आणि गणूचा दंड पदराखाली घेतला. “मी नाई टोचू देत.”

या वेळी मी ठरवलं, ही बातमी कुठून निघाली ते शोधून काढायचंच. शोध लावल्याशिवाय बेबीच्या हाताचा निर्णय मला घेता येणार नव्हता.

“अंजना, तुला कोणी सांगितलं?”

“माह्या जावेनं.”

“तिला?”

“चक्कीवालीनं. तिच्या तिथं समद्या गावचं दळन येते, खबर पक्कीच असन.”

मी ज्वारी डोक्यावर घेऊन चक्कीवर गेले. चक्कीच्या घरघराटात ओरडून विचारावं लागलं. “टोचल्यावर हात लुळा पडतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

चक्कीवाली पिठानं पांढरी झालेली. तिनं पापण्या झटकल्या आणि माझ्याकडे नवलानं पाहिलं. “काऊन गंमत करून राह्यल्या, मास्तरीणबाई? तुमीच तं म्हनल्या.”

“मी?”

“गिरजामायच्या अंगनात. मी सांबार न्याले आलो होतो तवा.”

मग मला आठवलं. तिथे बसल्या बसल्या, कुणाकडे न बघता, मी आपली म्हणाले होते, “टोचल्यावर हात लुळा तर नाही ना पडत?”

“अहो, मी विचारत होते.”

“हाव. पन शिकेल बाई उगाच इचारते काय? काही वाचलं असन म्हून इचारलं.”

माझं ‘तर नाही ना’ पिठात कुठेतरी मिसळून गेलं होतं. मी ज्वारी दळून न घेताच परत फिरले. वाटेत जीव जरा हलका झाला: म्हणजे हे सगळं माझ्याच तोंडून निघालेलं, यात काही तथ्य नाही. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पुन्हा पाय थबकले.

हात लुळा पडतो का, एवढंच मी विचारलं होतं. कापल्याचं मी म्हटलं नव्हतं. मग ते कोणी म्हटलं?

*

आता शेवटचं सांगते.

देवी टोचणारा माणूस आला. गावात त्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणतात. शाळेच्या व्हरांड्यात त्यानं पेटी उघडली, स्पिरिटचा वास सुटला. बाया लेकरं घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभ्या. एकही पुढे होईना.

“पयले मास्तरीणबाईची पोट्टी होऊ द्या,” गिरजामाय म्हणाली.

“माझीच का?”

“हात लुळा पडते, हे तुमीच म्हनल्या. आता तुमीच टोचून घेतलं तं लोक समजतीन, पडत नाई.”

व्हरांड्याच्या टोकाला हे उभे होते. तेवढ्या लांबूनही मला कळलं की निर्णय माझ्यावर सोडलाय, आणि त्याचा मला फार राग आला. मी बेबीचा दंड उघडा केला. खरं सांगते, मी धीर केला वगैरे नाही. सगळ्या गावापुढे मागे फिरायची लाज टोचण्याच्या भीतीपेक्षा चिमूटभर मोठी निघाली, इतकंच. बेबी रडायच्या आधी मी रडले.

माझ्यामागून काही बाया पुढे झाल्या. अंजनासुद्धा, आपलं लेकरू पुढे करून, डोळे घट्ट मिटून. कौतिका झाडाखालून हलली नाही. गणूला छातीशी धरून नुसती बघत राहिली.

पेटी बंद झाली, तो माणूस निघून गेला. मग ती माझ्याजवळ आली.

“आता कवा येते हा?”

“पुढच्या हिवाळ्यात. इकडून त्याला घाटाखालच्या गावांना पाठवलंय.”

“मी बोलावलं तं?”

“एका लेकरासाठी कोण येतं गं?” मी म्हणाले. मला तेव्हा स्वतःच्या लेकराशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

काही दिवसांनी बेबीला ताप भरला. दंडावर फोड आला, भोवती लाल झालं, काख सुजली. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं होतं. पण पुस्तकातल्या चित्रातलं मूल हसत होतं, माझं कण्हत होतं. हात लुळा पडला का हे बघायला मी सारखं माझं बोट तिच्या मुठीत द्यायची. ती धरायची. मग मला वाटायचं, मघापेक्षा सैल धरलं. मग पुन्हा द्यायची. त्या बोटानं ती पोर बेजार झाली असेल.

गिरजामाय आली. फोड बघितला आणि तिनं बेबीच्या दंडाला हात जोडले. “उगवल्या वो माय, उगवल्या.” मग बाहेर जाऊन कडुलिंबाचा डहाळा आणला आणि आमच्या दाराला खोचला. “फोडनी बंद. खपली पडेपर्यंत डहाळा काहाडाचा नाई.”

“अहो, ही टोचलेली आहे, आलेली नाही.”

“टोचून आल्या काय अन् चालून आल्या काय. आल्या त्या आल्या.”

मी मॅट्रिक. मी फोडणी बंद केली. शाळेतून हे आले, दारातला डहाळा बघितला, ताटातलं पांढरंफटक वरण बघितलं. “मी काही विचारत नाही,” म्हणाले, आणि जेवले.

बाया येऊन बघून जात होत्या. अंजना बाहेरूनच “कसं हाये?” विचारायची. कौतिका रोज आत यायची. दारातल्या डहाळ्याकडे बघायची, चुलीकडे बघायची, पाळण्याशी वाकून बेबीचा दंड बघायची, आणि जायची. मला तिचा राग यायचा. ती माझ्या पोरीवरून पारख करतेय असं वाटायचं. आणि गणू तिच्या कडेवरून बेबीकडे बघून हसायचा, तेव्हा त्या उघड्या, न टोचलेल्या दंडावरून मीच नजर काढून घ्यायची.

एक दिवस गिरजामाय पाळण्यावर वाकली असताना बेबीनं तिची नथ धरली. टोचलेल्या हातानं. अशी घट्ट की गिरजामाय “अवं सोड, सोड” करत राहिली आणि सोडवता सोडवेना. अंग अजून कोमट होतं, पण मूठ लोखंडाची. मी हसत होते की रडत होते, मला ठाऊक नाही.

कौतिका उंबऱ्यात उभी होती. “पकडते व्हय,” एवढंच म्हणाली.

पुढच्या बाजाराला भाजी घेऊन एरवी तिचा नवरा जायचा. त्या खेपेला ती स्वतः गेली. गणूला घेऊन.

त्यानंतर एका सकाळी गल्लीत जीप येऊन थांबली. ती सरळ आमच्याच दाराशी. देवी डॉक्टर खाली उतरला, हातात पेटी, कपाळावर आठ्या. मागे अर्धी गल्ली गोळा.

“केस कुठे आहे?”

“कसली केस?”

“देवीची. मास्तरांच्या घरी देवीची केस आहे, असा निरोप आला. घाटाखालून धावत आलोय मी.”

तो पाळण्याशी गेला, बेबीचा दंड उजेडाकडे वळवून बघितला. खपली धरलेली होती. त्यानं हळूच तिची बाही खाली केली.

“बाई, हे तर मीच टोचलेलं आहे.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“बुलढाण्याला दवाखान्यात बाजाराच्या दिवशी एक बाई सांगून गेली. कंपाउंडर काही कच्चा नाही. त्यानं तिला विचारलं, ऐकलंस का पाहिलंस? तर म्हणाली, स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं. मास्तराच्या दाराला डहाळा आहे. घरात फोडणी बंद आहे. पोरगी तापली होती. अंगावर फोड आहे.”

मी दाराकडे पाहिलं. डहाळा होता, सुकून पिवळा पडलेला. चुलीवर बिनफोडणीचं वरण होतं.

“कशी होती बाई?”

“कंपाउंडर म्हणाला, टोपलीत मेथी, कडेवर तान्हं. त्यानं नाव विचारलं तोवर बाजारात शिरली.” त्यानं घाम पुसला, पेटीकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. “आता आलोच आहे. टोचायचं कुणी राहिलंय का?”

मी मागे वळले. कौतिका उंबऱ्यात उभी होती. गणूची बाही तिनं आधीच वर करून ठेवली होती.